हस्तनिर्मित अलंकारांतील द्रव्य आणि पोत : हिंगोली परिसरातील बंजारा दागिन्यांच्या संदर्भात एक चिकित्सा

मराठीत 'पोत' हा शब्द दोन लिंगांत नांदतो. कापडाचा, मातीचा, भिंतीचा तो पोत; आणि गळ्यात घालावयाची ती काळ्या मण्यांची पोत. कोशकार हे दोन शब्द वेगवेगळे मानतील, आणि ते योग्यही असेल. परंतु अलंकारांचा विचार करणाऱ्या अभ्यासकाला हा योगायोग उपयोगी पडणारा आहे. गळ्यातील पोत काचेच्या मण्यांची असते. सराफाच्या काट्यावर त्या मण्यांना मोल नाही. तरीही मराठवाड्यातील कोणत्याही खेड्यात घरातील सर्व सोने गहाण पडले तरी शेवटपर्यंत गळ्यात राहते ती ही पोतच. दागिन्याची किंमत आणि दागिन्याचे मूल्य या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे सौंदर्यशास्त्राने सांगण्यापूर्वीच लोकव्यवहाराने मान्य केलेले आहे.

हस्तनिर्मित अलंकारांमध्ये द्रव्य आणि पोत यांचे जे प्रयोग होतात, त्यांची चिकित्सा बंजारा समाजाच्या दागिन्यांच्या आधारे करणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. या विषयाला तात्कालिक निमित्तही आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर महाविद्यालयांमध्ये कौशल्याधारित अभ्यासक्रमांना महत्त्व आले. मातीचे, रेशीमधाग्याचे, कागदाच्या पट्ट्यांचे, रेझीनचे आणि 'ऑक्सिडाइज्ड' धातूचे दागिने तयार करण्याच्या कार्यशाळा अनेक ठिकाणी घेतल्या जातात. या उपक्रमांच्या परिभाषेत 'पारंपरिक' आणि 'प्रयोगशील' हे शब्द परस्परविरोधी अर्थाने येतात. परंपरा म्हणजे पुनरावृत्ती आणि प्रयोग म्हणजे शहरातील रचनाकाराने केलेले काहीतरी नवे, अशी ही विभागणी. हिंगोली जिल्ह्यासारख्या, तांड्यांची वस्ती मोठ्या प्रमाणात असलेल्या भागात ती तपासून पाहण्यासारखी आहे.

दागिना : एक बांधणी

१ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झालेला हिंगोली जिल्हा विदर्भाच्या सीमेवर आहे. उत्तरेस लागून वाशीम जिल्हा आणि त्यातील बंजारा समाजाचे श्रद्धास्थान पोहरादेवी. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ वाहून नेणारा हा समाज रेल्वे आणि पक्क्या सडका झाल्यावर स्थिरावला, तोही गावाबाहेर, तांड्यात. वाहतुकीचा व्यवसाय गेला तरी त्याच्या खुणा स्त्रियांच्या अंगावर राहिल्या. समुद्रकिनाऱ्यापासून शेकडो मैल दूर असलेल्या सेनगाव-कळमनुरीच्या माळरानावर कवडी हा अलंकाराचा घटक व्हावा, याचे कारण या व्यापारात शोधावे लागते. कवडी एके काळी चलन होती. चलन बाद झाले. तिची गुळगुळीत पाठ आणि दातेरी फट मात्र फेटियाच्या पट्टीवर, इंढोणीवर, गाठोड्याच्या कडेवर टिकून राहिली.

बंजारा स्त्रीच्या पारंपरिक वेशात कोणकोणती द्रव्ये एकत्र येतात, हे पाहण्यासारखे आहे. कानशिलांवर केसांत गुंफून दोन्ही बाजूंना लोंबणारी घुगरी आणि तिच्यासोबतची टोपली चांदीची, ऐपत नसल्यास गिलटाची. वेणीला जोडलेल्या चोटल्यात धातूबरोबर लोकरीचे गोंडे. गळ्यात भरीव हासली, तिच्या खाली नाण्यांची माळ. कांचळीवर आरसे, कवड्या, शिंपले, रंगीत सूत. दंडावर आणि मनगटावर पांढऱ्या बलियांची रांग. पायांत जड वाळे. धातू, काच, शिंपला, हाड, लोकर आणि सूत अशी सहा प्रकारची द्रव्ये एकाच देहावर येतात, आणि त्यांचा स्पर्श, वजन व आवाज एकमेकांपासून इतके भिन्न आहेत की नागर अभिरुचीने त्यांना एकत्र आणण्याचे धाडस केले नसते. मराठी सराफी परंपरेत तुशी, बोरमाळ, पोहेहार, मोहनमाळ हे सर्व अलंकार एका द्रव्यात, सोन्यात, पोताचे वैविध्य साधतात. बंजारा अलंकार पोताचे वैविध्य द्रव्यांच्या वैविध्यातूनच मिळवतो. दोन्ही पद्धती श्रेष्ठ आहेत. पण पहिलीला 'कारागिरी' आणि दुसरीला 'भडकपणा' म्हणण्याची जी सवय शिक्षित मध्यमवर्गाला जडली आहे, तिला कोणताही कलात्मक आधार नाही.

येथे निर्मितीच्या श्रेयाचा प्रश्नही येतो. धातूचे बहुतेक दागिने तांड्याबाहेरच्या कारागिराने, बाजारगावच्या सोनाराने किंवा ओताऱ्याने घडवलेले असतात. तेवढ्यावरून बंजारा स्त्री ही त्या दागिन्यांची केवळ ग्राहक ठरत नाही. सोनाराकडून आलेली वस्तू सुट्टी असते. घुगरी केसांत कशी गुंफायची, कोणत्या नाण्याशेजारी कोणता मणी यावा, गोंडा कोणत्या रंगाच्या लोकरीचा असावा, आरसा किती टाक्यांत पकडायचा, हे निर्णय तिचे असतात. धातूची घडण एकाची आणि अलंकाराची रचना दुसऱ्याची, असे हे दुहेरी कर्तृत्व आहे. अलंकारांच्या अभ्यासात 'घडवणारा' शोधला जातो आणि 'जुळवणारी' हरवते.

हाली, कलदार आणि हस्तिदंत

द्रव्यप्रयोग म्हणजे नेमके काय, याचे सर्वांत बोलके उदाहरण नाण्यांच्या माळेत सापडते. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि या राज्याचे स्वतःचे चलन होते. निजामाचा रुपया तो हाली, इंग्रजांचा तो कलदार. विसाव्या शतकाच्या आरंभापासून हाली रुपयावर चारमिनारची आकृती आली. हाली रुपयाचे वजन सुमारे ११.१८ ग्रॅम आणि त्यात चांदी सुमारे ८२ टक्के. कलदार सुमारे ११.६६ ग्रॅमचा आणि त्यात चांदी सुमारे ९२ टक्के. १९४० मध्ये इंग्रज सरकारने कलदारातील चांदी निम्म्यावर आणली आणि १९४७ मध्ये रुपया निव्वळ निकेलचा झाला. निजामानेही १९४० च्या दशकात हालीतील चांदी घटवली.

हे आकडे नाणेशास्त्राचे म्हणून सोडून देता येत नाहीत. कमी-अधिक कसाच्या चांदीचा रंग निराळा, घासल्यावर येणारी झळाळी निराळी आणि एकमेकांवर आपटल्यावर होणारा नादही निराळा. शिवाय नाण्याचा पोत टांकसाळीत ठरलेला असतो : उठावाची अक्षरे, चारमिनारचे मनोरे, राजाचे मस्तक, दातेरी कडा. माळ करताना स्त्रीने त्या नाण्याचा दर्शनी भाग निवडला, त्याला कडी डाकून घेतली आणि चलनाला अलंकार केले. एका राज्याचे सार्वभौमत्व दुसऱ्याच्या शेजारी दोऱ्यात ओवले गेले. राज्ये विलीन झाली, हालीचे व्यवहारातील स्थान १९५९ मध्ये कायमचे संपले, पण माळ मोडली नाही. नागर मराठी अलंकारांतील पुतळ्यांच्या माळेचाही उगम नाण्यातच आहे; पुढे सोनारांनी ठशावर पुतळ्या पाडण्यास सुरुवात केली आणि नाणे हे नाण्यासारख्या चकतीत रूपांतरित झाले. बंजारा माळेत नाणे शेवटपर्यंत नाणेच राहिले. झिजलेल्या चेहऱ्याचे, अर्धवट अक्षरांचे, पण नाणे.

दुसरे उदाहरण बलियांचे. दंडावरील पांढऱ्या बलिया या विवाहित स्त्रीच्या खुणेपैकी एक. त्या मूळच्या हस्तिदंती. परवडत नसे तेथे हाडाच्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९८६ मध्ये दुरुस्ती होऊन भारतीय हस्तिदंताचा व्यापार बंद झाला आणि १९९१ च्या दुरुस्तीने आफ्रिकी हस्तिदंतही त्या बंदीखाली आले. आज तांड्यात दिसणाऱ्या बलिया प्लास्टिकच्या आहेत. संग्राहक आणि हौशी छायाचित्रकार याला 'ऱ्हास' म्हणतात. हे मत स्वीकारण्यासारखे नाही. विवाहाची खूण म्हणून पांढरा रंग, दंडावरील रुंद पट्टी आणि हात हलताच होणारा खळखळाट आवश्यक होता. हत्तीचा दात आवश्यक नव्हता. स्त्रियांनी द्रव्य बदलले आणि अलंकार राखला. हस्तिदंताची उबदार पिवळसर झाक प्लास्टिकला येत नाही, घाम आणि तेल ते शोषत नाही, हे खरे. पोताची ही हानी नोंदवलीच पाहिजे. मात्र प्रयोग हा शब्द ज्यांना प्रिय आहे त्यांनी येथेही तो वापरावयास हवा. याच तर्काने गिलट आणि ॲल्युमिनियमही अलंकारात आले. (खेड्यापाड्यांत ॲल्युमिनियमच्या भांड्यांना 'जर्मन' म्हणतात आणि सराफ बाजारात 'जर्मन सिल्व्हर' म्हणजे तांबे, निकेल व जस्ताचा मिश्रधातू, ज्यात चांदीचा कणही नसतो. एका देशाच्या वाट्याला दोन स्वस्त धातूंचे श्रेय येणे ही भाषेची गंमत.)

द्रव्यबदल कायद्यामुळे होण्याचा अनुभव नागर समाजालाही आहे. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाच्या आदेशाने नव्या दागिन्यांसाठी १४ कॅरटची मर्यादा घातली आणि असंख्य सोनारांचा हातचा धंदा गेला. १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा तर १९९० पर्यंत टिकला. त्या काळात मुलाम्याच्या आणि खोट्या दागिन्यांना जी प्रतिष्ठा मिळाली ती कोणी ऱ्हास मानली नाही. तिला 'सोय' म्हटले गेले.

काळेपणा विकत मिळतो

वरील उदाहरणांवरून एक कसोटी हाती येते. हस्तनिर्मित अलंकारात पोत हा परिणाम असतो. द्रव्याचा स्वभाव, घडणीची रीत आणि वापराचा काळ या तिघांच्या संयोगातून तो निर्माण होतो. जेथे हे तिन्ही टाळून पोत वरून चढवला जातो, तेथे प्रयोग होत नाही, मुलामा होतो.

'बंजारा ज्वेलरी', 'ट्रायबल ज्वेलरी' या नावांनी शहरांत विकल्या जाणाऱ्या काळपट दागिन्यांना ही कसोटी लावून पाहावी. त्यांना 'ऑक्सिडाइज्ड' म्हणतात. हे नावच रसायनशास्त्राच्या दृष्टीने चुकीचे आहे. चांदी काळी पडते ती हवेतील प्राणवायूमुळे नव्हे, तर गंधकाच्या संयुगांमुळे. तो काळा थर सिल्व्हर सल्फाइडचा असतो. कारखान्यात हाच परिणाम गंधकयुक्त द्रावणात दागिना बुडवून काही मिनिटांत साधतात आणि नंतर उठावाचा भाग घासून उजळ करतात. जर्मन सिल्व्हर किंवा पितळ असल्यास निराळी रसायने आणि काळा लेप वापरतात. पन्नास वर्षे अंगावर वागवलेल्या हासलीचे रूप असे एका दुपारी तयार होते.

परंतु रूप तेच असले तरी तर्क तो नसतो. खऱ्या वापराने दागिना सर्वत्र सारखा झिजत नाही. हासलीची आतली बाजू मानेला घासून गुळगुळीत होते आणि बाहेरची नक्षी तुलनेने शाबूत राहते. माळेतील नाण्याच्या कडीचे छिद्र एका बाजूस ओढले जाऊन लांबट होते. घुगरीच्या घुंगरांत जे पुढे लोंबतात ते पदराला घासून उजळतात, मागचे काळेच राहतात. कुठे कडी तुटून दुसऱ्या सोनाराने निराळ्या डाकाने जोडलेली असते. तो सांधा रंगाने ओळखू येतो. नकली दागिन्यात दर्शनी उठाव उजळ आणि खाच काळी, अशी एकच युक्ती पुढून वापरलेली असते. दागिना उलटा करताच ती उघडी पडते : मागची बाजू सपाट, साच्यातून आलेली, कोणाच्याही अंगाला न लागलेली. अलंकाराच्या समीक्षेत 'उलटून पाहणे' ही पद्धती म्हणून स्वीकारावी, असे सुचवावेसे वाटते. शिवाय निकेलच्या स्पर्शाने अनेकांच्या कातडीला खाज आणि पुरळ येतो, म्हणजे 'परंपरेचा स्पर्श' म्हणून विकलेली वस्तू स्पर्शाच्याच पातळीवर नापास होते.

नकलेला विरोध म्हणजे नव्या द्रव्यांना विरोध नव्हे, हे स्पष्ट करण्यासाठी मराठी मुलखाबाहेरचे एक उदाहरण घेता येईल. ऑट्टो कुन्झ्ली या स्विस अलंकारकाराने १९८० मध्ये रबराचे एक काळे कडे तयार केले. त्याच्या आत सोन्याचा गोळा आहे. बाहेरून दिसतो तो केवळ एक फुगवटा. 'सोने आंधळे करते' असे त्या कृतीचे नाव. सोने आहे की नाही, यावर पाहणाऱ्याने विश्वास ठेवावयाचा. युरोपीय अलंकारकलेच्या इतिहासात ही कृती महत्त्वाची मानली जाते आणि ते योग्यच आहे. मात्र कोल्हापुरी साजाचे मणी ज्याने जवळून पाहिले आहेत त्याला हा विचार अगदीच अनोळखी वाटणार नाही. त्या मण्यांत वर सोन्याचा पातळ पत्रा आणि आत लाख असते. लाख पत्र्याला आधार देते, चेपू देत नाही, हाताला भरीवपणा देते. आणि दागिना मोडीत काढताना तिचे वजन वजा होते तेव्हा घरात थोडी निराशाही होते. तेथे रबराखाली सोने, येथे सोन्याखाली लाख. दोन्हीकडे द्रव्य आणि विश्वास यांचे नाते उलगडते. फरक एवढाच की एक कृती संग्रहालयात गेली आणि दुसरी देवघरातील डब्यात राहिली.

सांगण्याचा मुद्दा असा की कुन्झ्लीचे रबर, तांड्यातील प्लास्टिकची बलिया आणि साजातील लाख ही तिन्ही द्रव्ये स्वतःच्या स्वभावाने वागतात, दुसऱ्या द्रव्याचे सोंग आणत नाहीत. कार्यशाळेतील मातीच्या दागिन्यालाही हेच लागू पडते. माती भाजल्यावर सच्छिद्र, कोरडी, हलकी आणि ठिसूळ होते. तिच्यात ठसा चांगला उमटतो. तेर आणि भोकरदन येथील उत्खननांत मिळालेले मणी आणि मृण्मय वस्तू पाहिल्या तर मराठवाड्याने हे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी जाणले होते असे दिसते. त्याच मातीला सोनेरी रंग फासून तुशीचा आभास निर्माण केला की शिकण्यासारखे जे होते ते रंगाखाली झाकले जाते. प्रशिक्षणार्थी विद्यार्थिनीला प्रमाणपत्र मिळते. मातीविषयी काही कळत नाही.

नावांच्या याद्या

या साऱ्याची चर्चा मराठीत का झाली नाही, हा प्रश्न विद्यापीठीय लेखनाकडे वळवावा लागतो. बंजारा वेशभूषेची आरंभीची तपशीलवार वर्णने इंग्रज अमदानीतील आहेत. कंबरलेज या वऱ्हाडातील पोलीस अधिकाऱ्याचे बंजाऱ्यांवरील टिपण १८८२ चे. रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जातिजमातींवरील ग्रंथ १९१६ चा. निजामाच्या राज्यासंबंधीचा सय्यद सिराज उल हसन यांचा ग्रंथ १९२० चा. यांपैकी पहिले वर्णन पोलिसाने केलेले असावे, ही बाब सूचक आहे. तेथे दागिना ही ओळख पटवण्याची खूण आहे, आणि १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या काळात अशी ओळख कोणत्या कामी येत असे हे वेगळे सांगावयास नको. तरीही या जुन्या लेखकांनी निरीक्षण बारकाईने केले. अंबाड्यात उभी खोवून पदर उचलून धरणाऱ्या लाकडी काडीची नोंद रसेल यांनी केली आहे. ती आजच्या वर्णनांत क्वचितच आढळते.

स्वातंत्र्योत्तर मराठी लेखनाने त्या पोलिसी दृष्टीला रास्त नकार दिला, पण निरीक्षणाची शिस्तही तिच्याबरोबर टाकून दिली. बंजारा संस्कृतीवरील निबंधांत आणि प्रबंधांत दागिन्यांचे प्रकरण बहुधा असतेच. त्यात घुगरी, टोपली, चोटला, हासली, भुरिया, बलिया अशी नावे एकाखाली एक येतात, पुढे 'चांदीचा दागिना' एवढे स्पष्टीकरण असते आणि लेखक लोकगीतांकडे वळतो. वजन किती, चांदी की गिलट, ओतीव की ठोकीव, सांधा कोठे, कोणत्या बाजारात घडवला, कोणाकडून कोणाकडे आला, यांपैकी काहीही नाही. लोकगीताचा पाठभेद टिपणारा अभ्यासक दागिन्याचा 'पाठ' वाचत नाही. साहित्याच्या प्राध्यापकाला धातू कळत नाही आणि रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाला तांड्यात जाण्याचे प्रयोजन वाटत नाही. बहुविद्याशाखीय म्हणवणाऱ्या संशोधनाने ही भिंत आधी पाडावयास हवी होती. एकाच महाविद्यालयात दोन्ही विभाग एका व्हरांड्यात असतात.

दरम्यान दागिने वितळत आहेत. ऊसतोडीसाठी सहा-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जाणाऱ्या कुटुंबाला भरीव हासली ही अडचणीच्या वेळी मोडावयाची ठेव असते, आणि चांदीचा भाव चढला की मोड अधिक होते. मुशीत हाली रुपया आणि कलदार एकच होतात. याबद्दल त्या स्त्रियांना दोष देणे अनुचित ठरेल. जड वाळे घालून फडात राबता येत नाही. शाळा-महाविद्यालयांत येणाऱ्या मुलींनी या वेशामुळे हेटाळणीही सोसली आहे. त्यांनी तो सोडला असेल तर तो त्यांचा अधिकार आहे, आणि 'संस्कृती जपा' असा उपदेश त्यांना करण्याचा अधिकार स्वतः पँट-शर्टात वावरणाऱ्या विद्वानांना नाही. जपावयाची ती माहिती. आणि ते काम अभ्यासकांचे आहे.

शेजारच्या कर्नाटकात संडूरच्या लमाणी भरतकामाला भौगोलिक निर्देशांक मिळाला आहे आणि २०२३ च्या जुलैमध्ये हंपी येथील जी-२० बैठकीच्या वेळी साडेचारशेहून अधिक लमाणी स्त्रियांच्या १७५५ कलावस्तूंचे प्रदर्शन विक्रम म्हणून नोंदले गेले. विक्रमाचे कौतुक बाजूला ठेवले तरी तेथे वस्तूबरोबर करणारीचा हात मोजला गेला, ही गोष्ट महत्त्वाची आहे. 'बंजारा' या नावावर विकल्या जाणाऱ्या काळ्या दागिन्यांच्या व्यवहारात तांड्याच्या वाट्याला नाव सोडून काही येत नाही.

५ ऑक्टोबर २०२४ रोजी पोहरादेवी येथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. हिंगोलीच्या सीमेलगतच समाजाच्या वारशाची एक संस्था त्यामुळे उभी राहिली आहे. अशा संस्थेत दागिन्याखाली कोणती पाटी लागते यावर पुढच्या पिढीचे ज्ञान अवलंबून राहील. 'घुगरी, चांदी' एवढ्या पाटीने काम होणार नाही. जोडीचे ग्रॅममधील वजन, चांदीचा कस, घुंगरांची संख्या व त्यांतील किती नवे, कडीचा दुरुस्त केलेला सांधा, गोंड्याची लोकर हाताने रंगवलेली की बाजारची, घडवणाऱ्या सोनाराचे गाव, आणि घालणारीची परवानगी असल्यास तिच्या शब्दांत तो केसांत गुंफण्याची रीत, एवढे तपशील एका कार्डावर मावतात. साधा तराजू, भिंग आणि कसोटीचा दगड यांवर हे काम होऊ शकते. कस उतरवून देणारे जुने सोनार बाजारगावांत अजून आहेत. त्यांच्यातील अनेकांच्या मुलांनी बागेसरी पेटवणे केव्हाच सोडले आहे.